आत्याबायची पानथरी

आमच्या घरात रविवारी सकाळी चूल दोनदा पेटायची. एकदा भाकरीसाठी आणि एकदा माणसं डागायला.

हे वाचून कुणाच्या अंगावर काटा आला तर येऊ दे, पण होतं ते असं होतं. कर्जत आणि खालापूर यांच्या मधल्या आमच्या पट्ट्यात त्या काळी हिवताप घरोघर असायचा. भात पोटरीला आलं की तो यायचा, थंडी सरेपर्यंत ठाण मांडून बसायचा आणि जाताना पोटात पानथरी ठेवून जायचा. पानथरी म्हणजे डाव्या बरगडीखाली, आत, एक अवयव असतो तो. तापानं तो सुजतो आणि वरून हाताला दगडासारखा लागतो. लहान पोरांची पोटं नगाऱ्याएवढी आणि हातपाय काटक्या, असं आमच्याकडे सगळीकडे दिसायचं. त्यावर इलाज एकच, डाग. आणि डाग घ्यावा तर माझ्या सासूच्या हातचा, हे कळंबपासून खालापूरपर्यंत कुणीही सांगितलं असतं.

सासूला मी आत्याबाय म्हणायची. अंगानं किडकिडीत, आवाज मात्र शेताच्या दुसऱ्या बांधापर्यंत जाणारा, आणि नाकावर माशी बसू द्यायची नाही. माझे वडील मराठी शाळेत मास्तर, म्हणून मला लिहितावाचता येत होतं. आत्याबायंना ते कधी आवडलं नाही आणि त्याचा अभिमानही कधी सुटला नाही. पाहुणे आले की, "आमची सून पोथी वाचती," आणि पाहुणे वळले की, "वाचून भाकरी फुगती का गं?" माझी भाकरी खरंच फुगत नसे. खोटं कशाला बोलू?

रविवारी माणसं उजाडताच अंगणात येऊन बसायची, उपाशीपोटी. शेतकरी असायचे, डोंगराकडच्या वाड्यांवरची ठाकरं असायची, कडेवर पोरं घेतलेल्या बाया असायच्या. एकेकाला घोंगडीवर निजवायचं. आत्याबाय शेजारी बसून डोळे मिटायच्या आणि तीन बोटांनी पोट चाचपायच्या. ती बोटं बघत राहावी अशी चालायची. ताप किती वर्षांचा, पानथरी कुठवर उतरलीय, सगळं त्यांना बोटांनीच कळायचं. मग चुलीतली बारीक सळई काढून बरगडीखाली पाच ठिपके द्यायच्या आणि वर लगेच तूप लावायच्या. कुणाकडून सुपारीचं खांडसुद्धा घ्यायच्या नाहीत. घेतलं तर हात जातो, म्हणजे हाताचा गुण जातो, असं त्यांच्या सासूनं सांगितलं होतं. त्यांना हात त्या सासूनंच दिला होता. सासूनं सुनेला द्यायचा, लेकीला नाही, आणि ज्याला हात आहे त्यानं स्वतःच्या अंगाला डाग द्यायचा नाही, असे दोन नेम होते.

डागानं पानथरी जायची का? माणूस तापातून उठला की पानथरी आपोआप उतरते, हे मला पुढं डॉक्टरनं सांगितलं. पण आत्याबायंची बोटं खरी होती, हे मी कुठल्याही देवळात उभी राहून सांगेन.

प्लेगाची पहिली धास्ती जरा ओसरली होती, त्या सुमाराची गोष्ट. दिवाळीनंतर एके दिवशी आम्ही दोघी ओट्यावर तांदूळ पाखडत होतो. आत्याबायंनी सूप खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "मला पानथरी झालीय. तुला हात द्यावा लागंल."

मी हसले. मला वाटलं, नेहमीसारखी थट्टा चाललीय. त्यांनी माझा हात धरून लुगड्यावरून आपल्या पोटावर दाबला. डाव्या बाजूला, बरगडीच्या खाली, लिंबाएवढं काहीतरी टणक हाताला लागलं.

"कधीपासून?"

"वरीस झालं."

"आणि बोलला नाहीत?"

"तुला सांगून काय, तू पोथी वाचली असतीस."

पुढच्या रविवारी अंगणातली माणसं गेल्यावर त्यांनी मला हात दिला. म्हणजे काय, तर माझा उजवा हात हळदीच्या पाण्यानं धुतला, सळई माझ्या हातात ठेवली आणि स्वतः घोंगडीवर निजल्या. मी उभ्या आयुष्यात मांजरालाही चटका दिलेला नव्हता.

"हात थरथरला तर उठून धपका घालीन," त्या म्हणाल्या. मग डोळे मिटून मलाच शिकवायला लागल्या. "जरा वर. अगं, वर म्हनलं की वर! तुज्या बापाच्या शाळेत वरखाली शिकवीत नव्हते का? हां. आता दे. दाबू नको, नुसती टेकव."

मी पाच डाग दिले. त्यांनी साधं 'स्स' केलं नाही. मीच रडत होते. सगळं झाल्यावर त्या उठून बसल्या, स्वतःच्या हातानं स्वतःला तूप लावलं आणि तुपाच्याच बोटांनी गुळाचा खडा माझ्या तोंडात घातला. "खा. तुझाच चेहरा डागल्यासारखा झालाय," म्हणाल्या. मला ती बाई तेव्हा इतकी आवडली की काय सांगू.

पानथरी उतरली नाही. संक्रांतीनंतर पुन्हा पाच डाग दिले. तरी नाही. उलट लिंबाएवढी गाठ हळूहळू कवठाएवढी झाली. आत्याबाय जेवायला बसायच्या आणि चार घासांत हात आखडायच्या, पोट भरलं म्हणायच्या. आणि मग सुरू झालं ते.

"हिचा हात लागला नाय," त्या म्हणायला लागल्या.

आधी घरात, मग शेजारी, मग रविवारी भर अंगणात. कुणी विचारलं, "काकी, तू अजून बरी नाय?" की उत्तर ठरलेलं. "सुनेचा हात कच्चा हाय. मास्तराची पोर ती, हात वहीवर चालायचा, पोटावर कसा चालंल?" सगळे हसायचे. मीही हसायची आणि गोठ्यात जाऊन रडायची. वाईट ह्याचं की मला ते खरं वाटत होतं. डागावर माझा मनातून विश्वास नव्हता, आणि अविश्वासानं दिलेला डाग लागत नाही, म्हणजे ही बाई माझ्यामुळं झिजतेय, असं मी धरून चालले होते. शिकलेली म्हणवत होते आणि अक्कल ही अशी.

राब भाजायचे दिवस आले. आमच्याकडे भाताचं रोप टाकायच्या जागेवर पाला, शेण, गवत पसरून जाळतात, त्याला राब म्हणतात. आत्याबाय राबाला माती लावत होत्या आणि तिथंच कोसळल्या. ह्यांनी, म्हणजे माझ्या घरधन्यांनी, आईला उचलून घरी आणलं. तोंड पांढरंफटक, ओठांत रक्ताचा थेंब नाही. मी लुगडं बदलायला गेले तेव्हा मला कळलं की त्यांना परसाकडे डांबरासारखं काळं होत होतं, आणि ते बरेच दिवस. कुणाला म्हणून सांगितलं नव्हतं.

त्या विरोध करायच्या अवस्थेत नव्हत्या, तेवढ्यात ह्यांनी बैलगाडी जुंपली आणि आम्ही त्यांना कर्जतच्या दवाखान्यात नेलं. तिथला डॉक्टर आपलाच माणूस, चष्मेवाला, कोकणाकडचा. आत्याबायंना पडल्यापडल्या पाणी पाजलं तशी त्यांना तरतरी आली, आणि तरतरी आली की जीभ आली.

डॉक्टर म्हणाला, "तुम्हीच ना त्या डाग देणाऱ्या? तुमच्याकडून आलेले मी रोज बघतो."

"आन तुमच्याकडून आलेले मी रविवारी बघते," आत्याबाय म्हणाल्या.

डॉक्टर मोठ्यानं हसला. भला माणूस. मग त्यानं पोट तपासलं, आणि तपासता तपासता त्याचं हसू गेलं. पुन्हा तपासलं. मग त्यानं एक गोष्ट केली, ती मी कधी विसरणार नाही. त्यानं आत्याबायंचीच बोटं धरली आणि त्यांच्याच बरगडीखाली ठेवली.

"मावशी, तुम्ही जाणत्या आहात. बरगडी आणि ही गाठ, यांच्या मधे बोट जातंय का?"

आत्याबायंनी डोळे मिटले. बोटं हलली.

"जातंय," त्या म्हणाल्या.

"पानथरी असती तर गेलं असतं का?"

पानथरी बरगडीच्या आतून खाली उतरते, तिच्यावर बोट घालायला जागाच नसते. हे त्या डॉक्टरपेक्षा जास्त जाणत होत्या. हजार पोटं चाचपलेली बाई ती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते आणि त्यांना कळलं होतं, हे मला दिसलं.

"ऊन लय झालं," त्या म्हणाल्या. "घरी चला."

डॉक्टरनं ह्यांना आणि मला बाजूला घेतलं. गाठ जठरावर आहे, म्हणाला. जिथं आपलं अन्न साठतं ती पिशवी. आतल्या बाजूला गाठीला जखम झालीय आणि तिच्यातून रक्त जातंय. औषधानं जाणारी गोष्ट नाही. मुंबईला मोठ्या दवाखान्यात एक गोरा सर्जन आहे, त्यानं अशी पोटं उघडली आहेत. "सगळी वाचलीत असं सांगत नाही," तो म्हणाला, "पण नेलं नाहीत तर ह्या भाताची कापणी काही त्या बघत नाहीत." हे गाडीला धरून उभे होते, ते खालीच बसले.

घरी आल्यावर आत्याबायंनी एकच धरलं. मुंबई नको. तिसरा डाग द्यायचा. तिसऱ्याला हमखास उतरते. आठवडाभर आम्ही समजावलं, ह्यांनी तर पाय धरले. पण सुंभ जळेल, पीळ जाईल का? "पोट उघडून घ्यायला मी काय कोंबडी हाय?" म्हणायच्या. आणि रोज थोड्या पांढऱ्या होत चालल्या होत्या.

रविवार आला. अंगणात माणसं बसलेली. आत्याबायंनी चूल पेटवली, सळई घातली आणि कुणाला बघायच्या आधी स्वतःच घोंगडीवर निजल्या, सगळ्यांसमोर.

"दे गं," म्हणाल्या. "आन ह्या वेळी नीट दे."

मी सळई उचलली नाही. पाण्याची कळशी उचलली आणि चुलीत ओतली. फस्सकन राख उडाली, माझ्या तोंडावर, त्यांच्या अंगावर, सगळीकडे. लग्न होऊन आल्यापासून मी त्यांना उलट शब्द बोलले नव्हते, आणि त्या दिवशी एकदम हे.

"मी नाय देनार," मी ओरडले. माझ्या तोंडून बापाच्या घरची भाषा गेली आणि त्यांचीच आली. "तुमच्या बोटाला कर्जतला कळलं, आत्याबाय. मी बघितलंय. ती पानथरी नाय. माजा हात कच्चा असंल नायतर पक्का असंल, पन ती पानथरी नाय, आन तुमाला ठाव हाय!"

त्या उठल्या आणि माझ्या मुस्काटात मारली. रोडावलेल्या हातात तरी ताकद होती. लोक पोरं उचलून एकेक करून निघून गेले, आणि आम्ही दोघी ओल्या राखेत बसून राहिलो.

मग आत्याबाय म्हणाल्या, "भ्या वाटतं गं."

त्या बाईच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. मी त्यांच्याजवळ सरकले.

"पोट उघडल्यावर परत मिटत असंल का?"

"टाके घालत्यात म्हनं. रेशमाचे."

"रेशमाचे?" त्यांना ते जरा बरं वाटलं. "तू येशील?"

"येईन की."

"मग हितं भाकरी कोन करंल?"

"तुमचा लेक."

"मरतोय मग तो," असं म्हणून त्या हसल्या आणि मग रडल्या. माझ्या गालावर त्यांची बोटं उठली होती, त्यावर त्यांनी राखेचाच हात फिरवला. शेवटी तिघंही गेलो. गुरं आणि घर शेजाऱ्यांवर सोडलं.

मुंबईचा दवाखाना मी फारसा वर्णून सांगत नाही. दगडी, उंच, आणि कार्बोलिकचा, म्हणजे जंतू मारायच्या औषधाचा, वास, तो पुढं कितीतरी दिवस माझ्या लुगड्यांना येत होता. सर्जन साहेब उंच, लालबुंद, कमी बोलणारा. त्याच्या हाताखाली एक पारशी डॉक्टर होता, तो आपलं मराठी बोलायचा, मोडकं पण मायेचं.

साहेबानं पोटावरचं लुगडं बाजूला केलं आणि ते दहा डाग बघून त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. पारशी डॉक्टरनं विचारलं, "साहेब विचारते, हे कोणी केला?"

मी तोंड उघडलं. "मी" म्हणणार, तेवढ्यात आत्याबाय बोलल्या.

"म्या."

"स्वताच? स्वताला?"

"व्हय. आमच्यात असंच असतं."

आमच्यात अगदी असंच नसतं. स्वतःला डाग द्यायचा नाही, हा त्यांचा सगळ्यात कडक नेम. आत्याबायंना खोटं बोलताना मी त्याआधी बघितलं नव्हतं. मी खाली मान घातली. पारशी डॉक्टर माझ्याकडे एकदा बघून काहीतरी लिहीत राहिला.

मग त्यानं आम्हाला समजावलं. जठरात गाठी दोन तऱ्हेच्या. एक आतल्या अस्तरातून येते आणि हरळीसारखी पसरते, तिची मुळं काढून संपत नाहीत. दुसरी पिशवीच्या भिंतीच्या मांसातून येते आणि बाहेरच्या अंगाला वाढते, खोडाला फणस लागतो तशी. ती असली तर भिंतीचा थोडा तुकडा धरून अख्खी काढायची आणि भिंत शिवून टाकायची. पण अख्खी काढायची, फोडायची नाही. फुटली तर तिचं बी पोटभर सांडतं. "तुम्ही चोळला नाही, हा बरा केला," तो म्हणाला. "जळवला, ठीक. चोळला असता तर फुटला असता." कुठली गाठ ते पोट उघडल्याशिवाय कळणार नव्हतं. हरळी असेल तर तसंच शिवून परत देऊ, असंही त्यानं सांगितलं.

"फनस असू दे रं देवा," हे पुटपुटले. आत्याबाय म्हणाल्या, "फनस असला तर मला दाखवा. फनस मी वळखते."

शस्त्रक्रियेच्या दिवशी सकाळी नर्सनं त्यांच्या केसांच्या दोन वेण्या घातल्या. पोट फाडणार त्याचं त्यांना काही वाटलं नाही, वेण्यांचं वाटलं. "ह्या वयात दोन वेन्या! लेकानं बघितलं तर काय म्हनंल?" लेक दारातच उभा होता आणि डोळे पुसत होता. मग त्यांनी मला जवळ बोलावून घरचं सगळं सांगितलं. बियाणं कुठल्या कणगीत आहे, म्हशीला डावीकडूनच बसून पिळायची, वालाच्या मडक्यात राख मिसळ. ते संपलं तेव्हा त्यांनी माझा उजवा हात हातात घेतला, उलटापालटा करून बघितला, काहीतरी बोलतील असं वाटलं, पण तोवर रोगी न्यायची झोळी घेऊन दोघं आले आणि त्यांना घेऊन गेले.

आम्ही बाहेर बाकड्यावर बसलो. ऊन पायऱ्यांवरून खाली उतरलं, बाकड्याशी आलं, बाकड्याखाली गेलं. मी मनात एकच म्हणत होते की ती गेली तर माझ्यावर रागावलेली असतानाच गेली, आणि तिला वाटत राहिलं की माझाच हात वाईट. इतकं स्वार्थी माझं मन, पण हेच होतं त्यात.

शेवटी पारशी डॉक्टर बाहेर आला, घामानं निथळत. दुरूनच म्हणाला, "फणस!"

ह्यांनी त्याचे पायच धरले. "अख्खा निघाला," तो म्हणाला, "एक टिपूस सांडला नाही." त्यानं आम्हाला एका पांढऱ्या परातीत तो दाखवलाही. सोललेल्या कवठाएवढा, करडा-गुलाबी गोळा, त्याला चिकटलेला पोटाच्या भिंतीचा बोटभर तुकडा आणि त्याच बाजूला काळसर खड्डा, जिथून रक्त जात होतं. एवढ्याशा गोष्टीनं आमचं घर सहा महिने हलवलं होतं. माझा जीव भांड्यात पडला.

डॉक्टरनं आणखी एक सांगितलं. क्लोरोफॉर्म हुंगवायच्या आधी आत्याबायंनी साहेबाचं मनगट धरलं होतं आणि काहीतरी म्हटलं होतं. साहेबानं विचारलं, काय म्हणते? त्या म्हणाल्या होत्या, "हात हलका ठेव रं बाबा. दाबू नको." साहेबाला ते सांगितलं तेव्हा तो म्हणाला, माझे गुरुजीही हेच म्हणायचे.

पुढचे दिवस मात्र आत्याबायंनी सगळ्यांना सळो की पळो केलं. पोटाचे टाके जुळेपर्यंत तोंडानं काही द्यायचं नाही, म्हणून दूध खालून नळीनं द्यायचे. "उभा जन्म तोंडानं जेवले, आता ह्यांनी दारच बदललं!" असं त्या इतक्या मोठ्यानं म्हणाल्या की अख्खी खोली हसली, आणि हसल्यानं टाके दुखतात म्हणून नर्स आम्हाला सगळ्यांना रागावली. मग तोंडानं चमचाभर दूध सुरू झालं. "मांजरीला मी ह्याच्यापेक्षा जास्त घालते." मग दोन चमचे. मग पेज. चालायला लागल्या तशा शेजारच्या खाटांवरच्या बायांची पोटं चाचपायला लागल्या. एकदा पारशी डॉक्टरनं त्यांना रंगेहाथ पकडलं, आणि रागवायचं सोडून विचारलं, "काय हाय हिला?" त्या म्हणाल्या, "पानथरी. ही खरी हाय. मधी बोट जात नाय." आणि ते बरोबर होतं.

एवढं सगळं हसूनखेळून झालं, पण माझ्या हाताबद्दल त्या चकार शब्द बोलल्या नाहीत. मीही विचारलं नाही. मला वाटलं, जिवंत आहे ना, मग पदरी पडलं ते पवित्र झालं.

श्रावणात आम्ही घरी आलो. कर्जतला उतरल्यावर त्यांनी आधी चष्मेवाल्या डॉक्टरकडे गाडी न्यायला लावली, त्याला टाके दाखवले आणि आपल्यालाच मोठं काहीतरी जमल्यासारख्या घरी आल्या.

त्या आल्या ही बातमी लागायला किती वेळ? रविवारी अंगण भरलं. गेल्या वर्षीपेक्षा जास्त माणसं. पोट उघडून परत आलेली बाई म्हणजे आता तिच्या हाताला दुप्पट गुण, असा लोकांचा हिशेब. मी चूल पेटवायला वाकले तर आत्याबाय म्हणाल्या, "राहू दे."

त्या ओट्याच्या कडेला उभ्या राहिल्या. खांबाला धरून. आवाज पहिल्यासारखा नव्हता, पण पोचत होता.

"माजी पानथरी नव्हती," त्या म्हणाल्या. "दुसरंच व्हतं. मी पानथरी म्हनलं, ते चुकलं. ह्या पोरीचा हात कच्चा हाय म्हनून मी तुमाला इतके महिने सांगितलं, तुमी हसलात, मी बी हसले. तिच्या हातात काय वाईट नव्हतं. वाईट माज्या बोटात व्हतं. तिनं चुलीत पानी वतलं म्हनून मी हितं उभी हाय. आजपासून मी चाचपून देईन, ज्याच्या बरगडी आन गाठीमधी बोट जाईल त्याला कर्जतला घेऊन जाईन. डाग कुनाला देनार नाय."

लोक एकमेकांकडे बघायला लागले. मी पदर तोंडात कोंबून स्वयंपाकघराच्या दारात उभी. जे ऐकायला इतके महिने जीव तळमळला होता ते भर अंगणात ऐकलं, आणि आनंद मात्र झाला नाही.

कुणीतरी म्हणालं, "चुकतं की काकी माणसाचं. त्यात काय?"

मागच्या बाजूला एक बाई उभी राहिली. कळंबकडची होती, कपाळ मोकळं. मी तिला ओळखलं. दोन वर्षांपूर्वी तिचा नवरा लागोपाठ तीन रविवार आमच्याकडे डाग घेऊन गेला होता, आणि चौथ्या रविवारी आला नव्हता. त्यालाही शेवटी जेवण जात नव्हतं, असं ती तेव्हा सांगायची. ती आज आपल्या लेकराला घेऊन आली होती, त्याला ताप येत होता.

"काकी," ती म्हणाली, "मग माज्या मालकाचं? त्याचं बी असंच व्हतं का?"

आत्याबायंना 'नाय' म्हणता आलं असतं. सगळ्यांना तेच ऐकायचं होतं, तिलासुद्धा. 'त्याची पानथरीच व्हती, बाय, तुज्या नशिबात नव्हता,' एवढं म्हणायचं, आणि सगळं मिटलं असतं.

"मला ठाव नाय गं," आत्याबाय म्हणाल्या. "तवा ठाव हाय असं वाटलं व्हतं. आता नाय ठाव. असंल बी."

ती बाई उभीच राहिली. आत्याबाय खांब सोडून ओट्यावर एकदम खाली बसल्या. मी पुढं झाले, पण माझ्या आधी ती आली. लेकरू कडेवरून उतरवून तिनं माझ्या हातात दिलं. मग ती आत्याबायंच्या समोर उकिडवी बसली, त्यांच्या लुगड्यावरून जिथं टाके होते तिथं हलकेच हात ठेवला.

"अजून दुखतं का गं काकी तुला?"

"दुखतं," आत्याबाय म्हणाल्या, आणि तिच्या खांद्यावर डोकं ठेवून हमसाहमशी रडल्या.